चार काड्या आणि एक खिळा

राजापूरकडच्या आमच्या गावच्या घरात, पडवीच्या खिडकीला एक खिळा आहे. खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत आईचा बटणांचा फोन. अख्ख्या घरात रेंज मिळते ती तिथेच. फोन वाजला की आई पदराला हात पुसत येते, पिशवीसकट फोन कानाला लावते आणि खिडकीशी उभ्या-उभ्याच बोलते. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग एका दिवाळीला मी शहाणपणा केला आणि तिला नवाकोरा स्मार्टफोन नेऊन दिला. मागे तीन कॅमेरे, खोक्यावर ठळक अक्षरांत '५जी', आणि उंबरठा ओलांडताच रेंज गुल!

"अरे, एवढे पैसे मोजलेस आणि ह्याला साधी हाक ऐकू येत नाही?" असं म्हणून आईने जुना फोन पुन्हा चार्जिंगला लावला.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे काही हाती लागलं, त्याचा हा चिवडा. मूठ-मूठ घ्या.

काड्यांच्या काड्या

फोनच्या कोपऱ्यातल्या त्या चढत्या रेघांना कुणी काड्या म्हणतं, कुणी दांड्या, कुणी नुसतंच 'टॉवर'. पण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, याचा जगभर लागू असा एकही नियम नाही. प्रत्येक कंपनीचा हिशेब आपापला. त्यामुळे एकाच टेबलावर, एकाच कंपनीचं सिम असलेल्या दोन फोनांवर एकात चार आणि दुसऱ्यात दोन काड्या दिसल्या, तरी दोघांना मिळणारा सिग्नल सारखा असू शकतो. त्याहून गंमत म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्येच अशी एक सोय आहे, की मोबाइल कंपनीने ती चालू केली तर पडद्यावर एक काडी जास्तीची दिसते. सोयीच्या इंग्रजी नावाचा अर्थही सरळच आहे, 'फुगवणे'. काड्या करणं म्हणतात ते हेच.

हात चुकला, काड्या पडल्या

२४ जून २०१० रोजी आयफोन ४ बाजारात आला. कडेची स्टीलची पट्टी हाच त्याचा अँटेना. दिसायला झकास, पण डाव्या हाताच्या तळव्याने खालचा कोपरा झाकला की काड्या धडाधड कोसळायच्या. वर्तमानपत्रांनी त्याचं बारसं केलं, 'अँटेनागेट'. २ जुलैला ॲपलने पत्र काढून कबूल केलं, की काड्या मोजायचं आपलं सूत्रच साफ चुकलेलं होतं आणि कित्येकदा दोन काड्या उगाच जास्त दिसत होत्या. १६ जुलैला स्टीव्ह जॉब्स यांनी पत्रकार परिषद घेऊन सगळ्यांना फुकट कव्हर देऊ केलं. दरम्यान सूत्र दुरुस्त करणारं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात सुरुवातीच्या छोट्या काड्यांची उंचीही वाढवली होती. ताप उतरला नाही तरी चालेल, थर्मामीटर तरी छान दिसायला हवा!

देवघरातला दिवा आणि दीड कोटी कोटी फोन

सिग्नलचं खरं माप असतं 'डीबीएम'मध्ये, आणि ते उणे आकड्यांत येतं. उणे ७० म्हणजे चंगळ, उणे १०० म्हणजे काटकसर, उणे १२० म्हणजे हरी हरी. यात दर दहा आकड्यांना ताकद दहापटीने घटते. उणे ७० वरून उणे १०० वर आलात तर सिग्नल तीस टक्के कमी झाला असं समजू नका, तो हजारपट कमी झालेला असतो. तरीही फोन चालतो! उणे १०० डीबीएम म्हणजे एका वॅटचा दहा लाख कोटीवा हिस्सा. देवघरातला शून्याचा बल्ब घ्या. नावाला शून्य, खातो मात्र पंधराएक वॅट. तेवढी वीज जमवायला उणे १०० डीबीएमवाल्या दीड कोटी कोटी फोनांकडून वर्गणी गोळा करावी लागेल. इतक्या बारीक कुजबुजीतून आपल्याला 'जेवलास का?' ऐकू येतं, म्हणजे फोनचे कान फार तिखट आहेत.

फूटपट्टी, काडेपेटी आणि काबुली चणा

आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. जुन्या २जीच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीहून बोटभर जास्त. आपल्याकडे ५जीसाठी जास्त वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातली लहर नऊएक सेंटिमीटरची, दोन काडेपेट्यांपेक्षाही थोडी आखूडच. आणि २६ गिगाहर्ट्झची? अकरा-बारा मिलिमीटर, टपोऱ्या काबुली चण्याएवढी. लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वाकून पलीकडे उतरते आणि भिंतीतूनही बरीचशी पार होते. आखूड लहर वेगाने भरपूर माल वाहते, पण भिंत आली की दमते. आईच्या जुन्या फोनला फूटपट्टी पुरत होती. नवा फोन मात्र डोंगराआडून काडेपेट्या झेलायला बघत होता.

'५जी' लिहिलंय म्हणजे ५जी आहेच असं नाही

भारतात ५जीचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत झालं. तेव्हापासून कोपऱ्यातलं ते चिन्ह बघून आपण खूश होतो. पण ५जीच्या एका प्रकारात फोन ४जीच्याच खांद्यावर बसलेला असतो. अशा जागी टॉवरने 'माझ्याकडे ५जीची सोय आहे' एवढं कळवलं की बऱ्याच फोनांवर चिन्ह झळकतं, मग प्रत्यक्षात डेटा ४जीवरून का येईना. अमेरिकेत तर एटी अँड टी या कंपनीने सुधारलेल्या ४जीलाच '५जी ई' असं नाव देऊन फोनांवर झळकवलं. २०२० मध्ये तिथल्या जाहिरात परीक्षण मंडळाने 'जाहिरातींत हे बंद करा' असं सांगितलं.

मधमाश्यांचं पोळं

मोबाइलला 'सेल फोन' का म्हणतात? डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या डग्लस रिंग या इंजिनिअरने एक टिपण लिहिलं. प्रदेशाचे मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी कप्पे करा, प्रत्येक कप्प्याला छोटा टॉवर द्या, आणि त्याच लहरी दूरच्या कप्प्यांत पुन्हा वापरा, अशी त्याची कल्पना. कप्पा म्हणजेच 'सेल'. हातातल्या फोनवरून पहिला कॉल लागायला मात्र ३ एप्रिल १९७३ उजाडला. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मोटोरोलाच्या मार्टिन कूपरने तो केला, आणि केला कुणाला? प्रतिस्पर्धी बेल लॅब्जच्या जोएल एंगलला. जळवायला फोन करण्याची परंपरा मोबाइलइतकीच जुनी आहे.

बाविसाव्या मजल्याचं दुःख

उंचावर रेंज चांगली मिळते, हे गडावर चढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मग उंच इमारतीत वरच्या मजल्यावर कॉल का तुटतात? एक तर टॉवरवरचे अँटेना मुद्दाम किंचित खाली वाकवलेले असतात, कारण गिऱ्हाईक रस्त्यावर असतं. दुसरं म्हणजे इतक्या वरून फोनला एकदम दहा-बारा टॉवर दिसतात, सगळे सारख्याच जोराने बोलणारे. लग्नाच्या हॉलमध्ये चारी बाजूंनी हाका आल्या की जशी आपली गत होते, तशी त्याची होते. काड्या भरगच्च, बोलणं मात्र चिंध्या. मी स्वतः पुण्यात बाविसाव्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावरच्या वॉचमनकाकांचा फोन माझ्यापेक्षा चांगला चालतो.

कपाटाची परीक्षा

मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये दाखवून दिलं, की धातूच्या पेटीच्या आत बाहेरची विजेची ओढ पोचत नाही. लिफ्टचं दार बंद झालं की 'हॅलो, हॅलो' सुरू होतं ते त्यामुळेच. घरी करून बघायचं तर फोन लोखंडी कपाटात ठेवा, दार घट्ट लावा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. फट असेल तर कदाचित वाजेल, नाहीतर 'संपर्कक्षेत्राबाहेर'. पत्र्याचं छप्पर हे त्याच कपाटाचं मोठं भावंड. ऊन अडवणाऱ्या काचांवर धातूचा अगदी पातळ थर असतो, म्हणून नव्या चकचकीत ऑफिसांत रेंज रडते. आणि कोकणातल्या जाड चिऱ्याच्या भिंती? पावसाळ्यात त्या पाणी पितात, आणि भिजलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल गिळते. सोबतीला पानांनी लगडलेली आंब्या-फणसाची झाडं असतातच.

पाऊस तसा निर्दोष

'पाऊस लागला की रेंज जाते' हे कोकणात शेंबडं पोरही सांगेल. पण टॉवर ते फोन या लहरींना पावसाच्या थेंबांचं फारसं काही वाटत नाही. दोषी दोन. पहिली वीज. ती गेली आणि टॉवरची बॅटरी संपली की खेळ खल्लास. दुसरा दोषी म्हणजे टॉवरला टॉवरशी जोडणारी मायक्रोवेव्ह तबकडी. तिच्या लहरी फारच आखूड, त्यांना मुसळधार पाऊस खरंच शोषून घेतो. या खोडीचाही कुणीतरी उपयोग केला. २००६ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या हागित मेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं, की या जोडण्यांतला सिग्नल किती घटला यावरून पाऊस किती पडला ते मोजता येतं. टॉवर झाला पर्जन्यमापक!

पस्तीस किलोमीटरची लक्ष्मणरेषा

२जीचा टॉवर कितीही दणकट असो, त्याची हद्द साधारण ३५ किलोमीटरला संपते. इथे ताकद कमी पडत नाही, वेळ चुकते. टॉवर प्रत्येक फोनला बोलायला सेकंदाचा अगदी बारीक तुकडा वाटून देतो. दूरच्या फोनची हाक पोचायला उशीर होतो, म्हणून त्याला जरा आधी बोलायला सांगतो. पण 'किती आधी' याला मर्यादा आहे. ती ओलांडली की हाक दुसऱ्याच्या पाळीत घुसेल. म्हणून खोल समुद्रात गेलेल्या होडीवर, मध्ये ना डोंगर ना भिंत, तरी कॉल लागत नाही.

जिथे 'नो रेंज' हे वरदान

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ महादुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. ही जागा निवडण्याचं एक कारण म्हणजे तिथली रेडिओ-शांतता. मोठ्या शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाला. ही दुर्बीण ज्या लहरी ऐकते त्यांतच ९०० मेगाहर्ट्झचा मोबाइलचा पट्टाही येतो, म्हणून मोबाइल टॉवर ही तिथल्या शास्त्रज्ञांची कायमची डोकेदुखी. दुर्बिणीला आपला एक फोन किती मोठ्याने ऐकू येतो? जुना २जी फोन चंद्रावर ठेवून त्यावरून कॉल लावला, तर आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ-ताऱ्यांच्या पंगतीत त्याचं पान मांडावं लागेल.

यात्रेत गाय आली

मोठ्या जत्रेत, विसर्जन मिरवणुकीत काड्या चारच्या चार, पण एक फोटो जाईल तर शपथ! काड्या सांगतात टॉवरचा आवाज किती मोठा आहे. टॉवरपुढची रांग किती लांब आहे हे त्या सांगत नाहीत. अशा वेळी कंपन्या ट्रेलरवर बसवलेला चालता-फिरता टॉवर आणून उभा करतात. 'सेल ऑन व्हील्स' या त्याच्या नावाची आद्याक्षरं जोडली की होते 'काऊ'. म्हणजे गर्दीत रेंज आलीच, तर जवळ कुठेतरी गाय बांधली असेल असं समजा.

ज्ञानेश्वर : अक्षरं चार, भाडं दहाचं

रेंज अगदीच किरकोळ असेल तेव्हा कॉलचा हट्ट सोडून साधा एसएमएस करा. तो इतका चिमुकला असतो, की टॉवर आणि फोन एकमेकांशी बोलायला जी बारीक वाट वापरतात तिच्यातूनही निघून जातो. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. त्याची मर्यादा १६० अक्षरं. पण देवनागरीत लिहिलं की साधारणपणे ७० वरच गाडी थांबते, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे स्वतंत्र प्रवासी. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरं, यंत्राच्या हिशेबात दहा! जोडाक्षरांचा सोस असलेल्यांनी रिचार्ज जपून करावा.

रिंगच्या आधी रेडिओला कळायचं

आठवतंय? रेडिओ किंवा कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ फोन ठेवला की आधी 'टिक्-टिडिक्-टिडिक्' असा आवाज व्हायचा आणि मग रिंग वाजायची. २जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होत बोलायचा, तेवढे झटके स्पीकरच्या वायरीला बसायचे. रेंज जितकी कमी, फोनचा जोर तितका जास्त आणि टिकटिक तितकी मोठी. फोन आजही तसाच वागतो. टॉवर लांब असला की तो घसा ताणून ओरडतो. म्हणूनच घाटात काहीही न करता खिशातला फोन गरम होतो आणि बॅटरी उतरते.

कॉल तुटला, रुपया घ्या

२०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने फर्मान काढलं, की कंपनीच्या चुकीने कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीन. १ जानेवारी २०१६ पासून ते लागू होणार होतं. कंपन्या कोर्टात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तीन रुपयांत तेव्हा कटिंग चहाही मिळत नव्हता म्हणा.

सोनेरी स्टिकर आणि छपरावरचा बूस्टर

एके काळी रेल्वे स्टेशनबाहेर 'अँटेना स्टिकर' मिळायचे. बॅटरीमागे चिकटवा, रेंज वाढवा. उपयोग शून्य, पण सोनेरी असल्यामुळे भरवसा दांडगा. छपरावर लावायचा बूस्टर मात्र खरंच काम करतो आणि तिथेच घोटाळा आहे. तो परवान्याशिवाय बसवणं बेकायदा आहे, कारण तुमच्या घरात रेंज आणताना तो आजूबाजूच्या आळीचे कॉल बिघडवू शकतो. दूरसंचार खात्याची माणसं यंत्रं घेऊन हिंडतात आणि असे बूस्टर शोधून उतरवतात.

'फक्त आपत्कालीन कॉल'

पडद्यावर हे शब्द दिसले की आपला जीव घाबरा होतो. खरा अर्थ दिलाशाचा आहे. तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि ११२ लावलात तर फोन त्या परक्या टॉवरवरून जाऊ शकतो. शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी आग लागली की त्याच्याच विहिरीचं पाणी.

लगेच करून बघा

• कव्हर काढा, विशेषतः धातूचं किंवा लोहचुंबकाची पट्टी असलेलं.
• फ्लाइट मोड दहा सेकंद चालू ठेवून बंद करा. लांबच्या टॉवरला चिकटून बसलेला फोन नव्याने शोध घेतो.
• तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. तिथेही रेंज नसेल तर फोन निर्दोष, सिम किंवा टॉवर दोषी.
• कात्रीने कापून बसवलेलं जुनं सिम अजून वापरताय? गॅलरीत जाऊन बदलून घ्या.
• फोन परदेशातून आलाय? आपल्याकडचे सगळे पट्टे त्याला कळतात का, ते खोक्यावरचा मॉडेल क्रमांक घेऊन तपासा.
• घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. भारतात ते २०१९ च्या अखेरीस आलं. टॉवर नसला तरी कॉल लागतो.
• खरा आकडा बघायचाय? बऱ्याच अँड्रॉइड फोनांत *#*#४६३६#*#* आणि आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* दाबा. मग घरभर फिरा आणि सगळ्यांत कमी उणे कुठे आहे ते शोधा.

शेवटचा उपाय मी आईकडे केला. फोन हातात धरून, देवाची परडी घेऊन फिरावं तसा माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, खळं असा हिंडलो. आधी सेटिंगमध्ये ५जी बंद करून फोन ४जीवर आणला होता. माजघरात उणे ११८. चुलीपाशी उणे १२१. खळ्यात उणे १०८. पडवीच्या खिडकीशी, खिळ्याला टेकवून धरला तेव्हा उणे ९६.

"मग मी काय सांगत होते?" आई म्हणाली. तिने तीच पिशवी घेतली, नवा फोन तिच्यात घातला आणि खिळ्याला अडकवला. तीन कॅमेऱ्यांचं तोंड भिंतीकडे.

हल्ली रोज रात्री आठला मी फोन लावतो. त्यासाठी मला बाविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मधल्या दीड फुटात जाऊन उभं राहावं लागतं, कारण आमच्या घरात रेंज मिळते ती तिथेच. पलीकडे पिशवी चुरचुरते.

"बोल रे," आई म्हणते. "खिळ्यापाशी आहेस ना?"